गाडीचं नाक वर

आमच्या घराण्यात वाहनाबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा : ‘किती देते?’ आजोबांच्या सायकलला तो विचारायची सोय नव्हती, म्हणून ती सगळ्यांत लाडकी. अशा कुळात जन्मून मी ६.७ लिटरच्या डिझेल इंजिनाचा, ३ टनांहून जड असा फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रक घेतला, याचं खापर फोडायला टेक्सासची हवा सोडून दुसरं काही सापडत नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या उपनगरात आम्ही राहतो. इथे पिकअप नसलेल्या पुरुषाकडे लोक सहानुभूतीने बघतात. तब्येत बरी आहे ना, अशा नजरेने.

अर्थात कारण होतं. बायकोला कॅम्पिंगचा ट्रेलर हवा होता. ट्रेलर ओढायला दणकट ट्रक हवा. म्हणून ट्रक घेतला, आणि ट्रक घेतल्यावर ट्रेलरचे पैसे उरले नाहीत. बैल दावणीला बांधून झाला, शेत पुढच्या वर्षी बघू.

तीन आठवडे मी सुखात होतो. मग एका संध्याकाळी शेजारचे गृहस्थ आले. त्यांच्याकडेही असाच ट्रक आहे, पण ६ इंच उचललेला आणि ३७ इंची टायरांवर उभा. त्याच्या हौद्यात मी आजवर पाहिलेला सर्वांत जड माल म्हणजे त्यांचा कुत्रा. त्यांनी माझ्या ट्रकभोवती एक प्रदक्षिणा घातली, ‘छान आहे’ म्हणाले, आणि जाता जाता विचारलं, “मग, लेव्हल कधी करणार?”

मला कळेना. ते म्हणाले, “बाजूने बघ.” मी बाजूने बघितलं, आणि तिथे माझं सुख संपलं. ट्रक पुढे वाकलेला होता. मागची बाजू वर, नाक खाली. टेप आणून मोजलं. चाकांवरच्या कमानी जमिनीपासून किती उंच आहेत ते बघितलं तर पुढची मागच्यापेक्षा अडीच इंच खाली. इतके दिवस मी ज्याला ऐटदार समजत होतो तो ट्रक साहेबापुढे उभ्या असलेल्या कारकुनासारखा होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. दाढी करताना खिडकीतून तेच. ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या ट्रकशेजारी दुसरा ट्रक उभा असला की मी आधी त्याचं नाक बघायचो, मग स्वतःचं.

आता यात कंपनीचा दोष काही नाही. पिकअप हे मुळात ओझ्याचं जनावर. हौद्यात माल भरला किंवा मागे ट्रेलर अडकवला की मागची बाजू दबते; तेव्हा गाडी समपातळीत यावी म्हणून कारखान्यातच ती मागून उंच ठेवतात. म्हणजे तो अडीच इंचांचा उतार ही येणाऱ्या मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ज्याच्याकडे माल नाही त्याला ती जागा रोज दिसते, एवढंच.

मी दुकानात गेलो. ट्रक उचलून देणारी दुकानं इथे केशकर्तनालयांइतकी सहज सापडतात. काउंटरवरच्या माणसाच्या दोन्ही दंडांवर पिस्टन गोंदलेले होते. आपल्याकडे मंगल कार्यालयवाला ‘किती पानं?’ विचारतो त्या सुरात त्याने विचारलं, “किती इंच?”

मी म्हटलं, दोन-अडीच.

तो हसला नाही, पण न हसण्याचा प्रयत्न केल्याचं दिसलं.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ठोकळा. माझ्या ट्रकला पुढे गुंडाळी स्प्रिंगा आणि मागे पाटे. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर एक धातूची जाड चकती बसवायची, की नाक वर. शे-दोनशे डॉलरचं काम. मी पाकिटाकडे हात नेला, तेवढ्यात तो म्हणाला, “पण...”

या ‘पण’वर या धंद्याचे सगळे इमले उभे आहेत. स्प्रिंग वर गेली, पण शॉकअप जुन्याच लांबीचा. तो ताणला जाणार, म्हणून लांब शॉकअप घ्या. पुढचा ॲक्सल या चाकापासून त्या चाकापर्यंत अखंड, आणि तो दोन लांब दांड्यांनी मागे चासीला धरलेला. चासी वर उचलली की त्या दांड्या खाली झुकतात आणि ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. त्याने कॅस्टर बिघडतो. कॅस्टर म्हणजे काय, तर सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसला तिरकेपणा; त्याच्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. तो कमी झाला की ट्रक हायवेवर गल्ली चुकलेल्या पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघत चालतो. तेव्हा दांड्यांची टोकं खाली आणणारे ब्रॅकेट घ्या. ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा आणखी एक रॉड असतो. उंची वाढली की तो अख्ख्या ॲक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणजे गाडी एका रेषेत आणि चाकं दुसऱ्या. म्हणून त्याचंही ब्रॅकेट. ब्रेकच्या नळ्या आखूड पडतील, त्यांना वाढ द्या. आणि सगळं झाल्यावर अलाइनमेंट.

चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला आमच्या घरी निदान वास तरी देत असे.

“हे नाही केलं तर?” मी विचारलं. त्याने आवाज खाली आणला आणि ‘डेथ वॉबल’ हे दोन शब्द उच्चारले, आमच्या आजीने वेशीवरच्या मुंज्याचं नाव घ्यावं तसे. अखंड ॲक्सलच्या गाड्यांना होणारा हा आजार. सांधे किंवा रबरी बुश झिजलेले असले, कोन चुकलेले असले, की हायवेच्या वेगात एखाद्या बारक्या खड्ड्याने पुढची चाकं डावी-उजवी थडथडू लागतात आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाहीत. स्टिअरिंग हातात असतं, पण ते कोणाचं ऐकत नसतं. मी २२ वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राची, बोल्ट निघालेली सायकल उतारावर चालवली होती. तेवढ्या अनुभवावर मला विषय समजला.

मात्र खरी गंमत अशी की, इतके दोष ऐकूनही मी २ इंचांवरून ४ वर, आणि ४ वरून ६ वर गेलो. माणसाच्या हिशेबाला हे एक वळण असतंच. एवढा खर्च करायचाच तर थोड्याने कशाला? ६ इंचांचा किट म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप, मागच्या पाट्यांसाठी ठोकळे, यू-बोल्ट, ब्रॅकेटच ब्रॅकेट. कित्येक हजार डॉलर. शिवाय ६ इंच उचललेल्या ट्रकला मूळचे ३४ इंची टायर म्हणजे पैलवानाच्या पायात शाळेचे बूट. तेव्हा ३७ इंची टायर. मोठे टायर म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, आणि संगणकाला ते कोणी सांगितलं नाही तर काटा ६५ दाखवणार आणि ट्रक ७० मैलांनी पळणार. पोलिसाला हे समजावून सांगण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं आहे. पोलिसाचं गणित किती चांगलं आहे याची खात्री नाही.

मग घरी येऊन मी गॅरेजचा दरवाजा मोजला. इथले दरवाजे सर्रास ७ फुटांचे, म्हणजे ८४ इंच. ट्रक मुळात ८१. त्यात ६ मिळवा, टायरमुळे दीड मिळवा, झाले साडेअठ्ठ्याऐंशी. रात्री ११ वाजता कागदावर आकृती काढून मी दरवाज्याची चौकट वर सरकवायला किती खर्च येईल याचा विचार करत होतो. बायको म्हणाली, “लांबी मोजलीस?” मोजली. ट्रक २५० इंच, गॅरेज २४०. तो उंचीला बसत होता तेव्हाही लांबीला बसतच नव्हता. तीन आठवडे मी त्याला बाहेर का उभा करतोय याचा मी कधी विचारच केला नव्हता.

याच सुमारास, मे महिन्याच्या शेवटी, आंब्यांचा मोसम उरकून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले.

सासरे कराडच्या एस.टी. डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होते, शेवटी हेड मेकॅनिक. सरकारी कागदावर त्याला आगार म्हणतात. आगार म्हणणारा माणूस तिथे कधी कामाला नव्हता एवढंच त्यावरून कळतं. विमानतळावर मी ट्रक घेऊनच गेलो, अर्थातच. सासूबाईंनी दार उघडल्यावर पायदानाकडे पाहिलं, पदर खोचला, आणि विचारलं, “दांडी कुठाय धरायची?” दांडी आतल्या बाजूला होती. त्यांनी ती धरली आणि आयुष्यभर कराड-पाटण गाडीत चढलेल्या बाईने चढावं तशा एका दमात वर गेल्या. मग खिडकीतून मला म्हणाल्या, “आमच्या गाडीपेक्षा सोपीय की.” ह्या वाक्यासाठी मी ट्रक घेतला नव्हता.

बाबा मात्र खालीच होते. सामान ठेवायचं सोडून ते ट्रकच्या मागे वाकून बसले होते. बारा-पंधरा हजार किलोमीटरच्या प्रवासानंतर माणूस आधी पाणी मागतो. बाबांनी टॉर्च मागितला.

“जावईबापू, गाडी छान घेतलीत,” घरी पोचल्यावर ते म्हणाले. “नवीच दिसते. पाटे अजून बसलेले नाहीत.”

मी म्हटलं, “बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे.” आणि मी त्यांना उताराचं दुःख सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. डॉक्टरकडे जाऊन ‘मला भूक फार छान लागते, काहीतरी औषध द्या’ असं कोणी म्हणालं तर डॉक्टर जसा ऐकेल तसे.

“म्हणजे रिकामी गाडी मागनं वर आहे, हे तुम्हाला चालत नाही?”

“नाही.”

“आमच्याकडं रिकामी गाडी सपाट उभी राहिली की लिहायचं, पाटे बसले, बदली करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रकखाली आडवे होते. हातात बायकोचं पिठलं ढवळायचं स्टीलचं उलथनं. पाट्यांवर एकेक टिचकी मारून आवाज ऐकत होते. पाट्याला चीर गेली की तो खणखणत नाही, फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळे पाटे खणखणीत निघाले. एकच गोष्ट त्यांना खटकली. पाटे आणि ॲक्सल यांच्या मध्ये कंपनीनेच एक ठोकळा घालून दिला होता. “हे बघा,” ते खालून म्हणाले, “मागं उंच करायचं काम कंपनीनं आधीच केलंय. आता तुम्ही पुढं उंच करणार. मग मागं अजून उंच करणार. शेवटी दोघं मिळून जाणार कुठं?”

मागची बाजू उचलायचा आणखी एक मार्ग म्हणजे पाट्यांच्या संचात एक जादा पाटा घालणं. हे ऐकून बाबा उठून बसले, डोकं चासीला आपटलं, तरी खूश होते. जादा पाटा ही त्यांच्या ओळखीची भाषा. सातारा-सांगलीकडे उसाच्या आणि वाळूच्या गाड्यांना वर्षानुवर्षं जादा पाटे पडत आले आहेत. “किती माल भरणार मग?” त्यांनी उत्साहाने विचारलं. मी म्हटलं, माल नाही, दिसायला. बाबा पुन्हा आडवे झाले. बराच वेळ खालून नुसता टिचक्यांचा आवाज येत होता.

त्या आठवड्यात बायकोनेही आपलं मत दिलं, आणि तिने ते चर्चा न करता दिलं. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन तिने त्यांच्या उचललेल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर मला बसवलं आणि आमच्या ७ वर्षांच्या मुलीला बंपरपासून चार पावलांवर उभं केलं. “दिसते का?” मला बॉनेट दिसत होतं, समोरचं झाड दिसत होतं, आकाश तर भरपूर. मुलगी दिसत नव्हती. ती हात हलवत होती म्हणे. मी खाली उतरलो आणि ६ इंचांचा कागद फाडून टाकला. ४ इंचांचाही. शेजारी या प्रकारानंतर दोन दिवस जरा गप्प होते.

कायद्याने म्हणाल तर टेक्सासात ट्रक किती उचलावा याला थेट बंधन नाही. हेडलाइट जमिनीपासून २४ ते ५४ इंचांच्या मध्ये असले म्हणजे झालं. शिडी लावून चढायच्या ट्रकातून लोक दूध आणायला जातात ते यामुळे. नॉर्थ कॅरोलायनात तर तरुणांनी वेगळीच टूम काढली होती. पुढची बाजू उचलायची आणि मागची तशीच ठेवायची किंवा उलट खाली दाबायची, म्हणजे ट्रक भुंकायच्या बेतात बसलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. ड्रायव्हरला समोर फक्त ढग. तिथल्या सरकारने २०२१मध्ये कायदा करून हे बंद केलं : पुढचं फेंडर मागच्याहून ४ इंच किंवा त्याहून जास्त वर असेल तर गाडी रस्त्यावर नको. मी बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आपल्याकडं असला कायदा लागत नाही. आपल्याकडं आरटीओ असतो.” आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही हे खरं, पण बाबांच्या बोलण्यात कलमापेक्षा आरटीओ जास्त होता.

शेवटी २ इंच. ठोकळा नाही, नव्या स्प्रिंगा, योग्य लांबीचे शॉकअप, दांड्यांचे ब्रॅकेट, आडव्या रॉडचं ब्रॅकेट. ठोकळ्याच्या दसपट पैसे आणि ठोकळ्याइतकीच उंची. दुकानवाल्याने याला ‘शहाणपणाचा निर्णय’ म्हटलं. दुकानदार आपल्याला शहाणा म्हणाला की पाकीट तपासावं. बाबांना आत कामाच्या जागी जाऊ देईनात, विम्याचा नियम. ते काचेबाहेर साडेचार तास उभे होते आणि आतला मेकॅनिक चुकीचा पाना उचलायला लागला की काचेवर टकटक करत होते. तिसऱ्यांदा टकटक झाल्यावर त्या पोराने पाना वर धरून ‘हा का?’ अशी खूण केली. बाबांनी मान हलवून दुसरा दाखवला. त्याने दुसरा घेतला. संध्याकाळी निघताना तो बाहेर येऊन बाबांशी हात मिळवून गेला. दोघांमध्ये एक शब्दही समान नव्हता. बाबांनी मला त्याला एवढंच सांगायला लावलं, की ५०० मैल झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळायला आम्ही येऊ. तो म्हणाला, हे वाक्य मीच म्हणणार होतो.

आता ट्रक सपाट उभा होता. सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू? मी दोन-तीनदा उगीच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. शेजाऱ्यांनी लांबून अंगठा दाखवला. त्याच रात्री बाबा कराडला जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलत होते. “जावयानं गाडी घेतलीय, चांगली दणकट... हो... आता पाटे बसल्यासारखी दिसते... नाही, नवीच आहे. पैसे देऊन करून घेतलंय तसं.” पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण बाबा बराच वेळ हसत होते.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं सामान एका भाड्याच्या गोदामात असतं, आणि समितीतल्या सगळ्यांच्या गाड्या विजेच्या किंवा नाजूक. कोणीतरी म्हणालं, “अरे, याच्याकडे ट्रक आहे ना!” घेतल्यापासून पहिल्यांदा माझ्या ट्रकला कोणी कामाला बोलावत होतं. हौद्यात स्टेजच्या फळ्या, दोन मोठे स्पीकर, मोदकांची पातेली आणि १४ ढोल. मागे भाड्याचा ट्रेलर, त्यात मखर, टेबलं, खुर्च्या, जनरेटर. ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी हूकवर येतोच, हे पुस्तकात वाचलं होतं. हौदा भरल्यावर ते डोळ्यांनी दिसलं. मागची बाजू दबली, दबली, आणि पंगत उठल्यावरच्या भटजीबुवांसारखी बसली. मालासाठी राखून ठेवलेली ती जागा मी पुढची बाजू उचलून आधीच भरून टाकली होती. ट्रकचं नाक आता वर होतं. कॅरोलायनाइतकं नाही, पण ढगांच्या दिशेला.

बाबांनी काही म्हटलं नाही. ते पुढच्या सीटवर येऊन बसले आणि पट्टा लावला.

निघेपर्यंत अंधार पडला होता. हायवेवर काम चालू होतं म्हणून मी आडवाटेने घेतलं. टेक्सासात अशा रस्त्यांना ‘फार्म टु मार्केट’ म्हणतात. शेतातून बाजारात माल नेण्यासाठी बांधलेले, दोनपदरी. बाबांना ते नाव फार आवडलं. “म्हणजे बाजार समिती रोड,” ते म्हणाले. माल भरलेली गाडी, बाजार समिती रोड, मागून पातेल्यांचा खडखडाट. ते इतके खूश मला आल्यापासून दिसले नव्हते.

समोरून पहिली गाडी आली आणि तिने दिवे उघडझाप केले. मी लो बीमवरच होतो. दुसरी आली, तिनेही केले. तिसऱ्याने तर हॉर्नही दाबला. माझे दिवे लोकांच्या थेट डोळ्यांत जात होते आणि त्यापुढच्या झाडांवरच्या पक्ष्यांना उठवत होते. मी घामाघूम झालो, वेग कमी केला, उगीच खांदे खाली घेतले, जणू मी वाकलो की ट्रकही वाकेल.

कराड-चिपळूणच्या घाटात दोन एस.टी. समोरासमोर आल्या की ड्रायव्हर एकमेकांना दिवा दाखवतात आणि स्टिअरिंगवरून हात वर करतात. समोरून दिवे लुकलुकले की बाबा पुढे झुकत, आणि प्रत्येकाला हात वर करत होते.